कोळशाचं बटण

छत्री विकत घ्यायची झाली की काका ती दुकानातच उघडायचे आणि मिटायचे. एकदा-दोनदा नव्हे, दुकानदाराचा चेहरा उतरेपर्यंत. डोंबिवलीतल्या एका दुकानदारानं शेवटी त्यांना हात जोडले होते. "काका, इथेच म्हातारी कराल छत्री, मग मी ती विकू कुणाला?" काका शांतपणे म्हणाले, "म्हातारी झाल्यावर चालते का, तेच तर बघतोय." छत्री काही घेतली नाही. भिजत घरी आले, काकूंनी दिलेल्या टॉवेलनं डोकं पुसलं आणि टॉवेलच्या कोपऱ्यावर शाईनं घातलेली तारीख मला दाखवून म्हणाले, "हा बघा बाई, अजून एक धागा सुटलेला नाही."

त्या घरात सगळ्यावर तारखा होत्या. वस्तू वापरात आली तो दिवस. बादलीच्या बुडाला, केरसुणीच्या मुठीला, दिव्याच्या पितळी टोपीवर. एकदा दिवाळीच्या साफसफाईत मी भिंतीवरचा त्यांच्या लग्नाचा फोटो उतरवला, तर मागे 'वापरात' असं लिहून लग्नाची तारीख. मी हसत सुटले. काकू म्हणाल्या, "हसतेस काय? खाली 'बाद' लिहून जागा रिकामी सोडलीय, तीही बघ."

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी कोपरला त्यांच्याकडे भाडेकरू म्हणून आले. गुहागरकडची मी, डोंबिवलीत शाळेत नोकरी लागलेली, एकटी बाईमाणूस. खोली देण्याआधी काकांनी मला समोर बसवून सांगितलं, "महिनाभर टेस्टवर राहा. तुम्ही आम्हाला, आम्ही तुम्हाला." मला रागच आला होता. मी काय मिक्सर होते? पण दुसरीकडे जायला जागा नव्हती. महिना झाल्यावर माझ्या खोलीच्या दाराच्या आतल्या बाजूला एक तारीख दिसली. मग मी तिथे सात-आठ वर्षं राहिले.

गल्लीत त्यांना कोळसेवाले काका म्हणत. त्याला कारण त्यांची मागच्या अंगणातली भट्टी. कल्याणपलीकडे मोहने गावाला रेयॉनच्या कारखान्यात प्रयोगशाळेत त्यांची नोकरी झालेली, ती त्यांनी मुदतीआधीच सोडली होती. आणि घरी बसून करायचे काय, तर रेयॉनचं कापड लोखंडी डब्यात घट्ट बंद करून भाजायचे. डब्यात वाफ सोडायचे. डबा उघडला की आत काळं कापड. राख नाही, कोळसा, पण वीण जशीच्या तशी, बोटानं उचलता येईल असं. शेजारी एक कोळीणमावशी राहायची. सकाळी खाडीवरून टोपली घेऊन येताना ती कुंपणावरून काकूंना विचारायची, "काय गो, आज काय जाललान तुज्या म्हाताऱ्यानं?" काकू तिच्या ओठांकडे बघून हसायच्या आणि म्हणायच्या, "साडी नाही जाळली अजून, एवढंच."

ओठांकडे बघून, कारण काकूंना ऐकू कमी यायचं. तरुणपणी एक मोठं दुखणं झालं, त्यात कान गेले, ते हळूहळू जातच राहिले. कानामागे लावायचं छोटं मशीन होतं त्यांच्याकडे. त्याला बटणासारखा सेल लागायचा. तो ठाण्याला एकाच दुकानात मिळे. कधी मिळे, कधी नाही, आणि मिळाला तरी दुकानात पडून पडून निम्मा मेलेला. त्यामुळे काकू मशीन बंदच ठेवायच्या. कुणी खास बोलायला आलं की कानामागे बोट नेऊन चालू करायच्या, माणूस उठला की बंद.

मी नवी होते तेव्हा एका संध्याकाळी मी त्यांना शाळेतली भांडणं सांगत बसले. हेडबाई काय म्हणाल्या, मी काय म्हटलं, सगळं. काकू माना डोलावत होत्या, मध्येच हसत होत्या. शेवटी मी विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, काकू?" त्या म्हणाल्या, "बंद होतं गं मशीन. पण तू बोलत होतीस ते छान दिसत होतं." आणि माझ्या हातावर थोपटून म्हणाल्या, "महत्त्वाचं असेल तर आधी हात लावत जा. मी चालू करते." त्या हसत होत्या, मला मात्र खूप वाईट वाटलं. दिवसातलं किती बोलणं महत्त्वाचं असतं? कुकरची शिट्टी, 'आलो गं' म्हणणं, दारावर कुणी उगाच गुणगुणणं, ह्यासाठी कोण मशीन चालू करणार?

काकांचं सगळं वेड ह्या एका गोष्टीपायी होतं. "ही ऐकणं साखरेसारखं पुरवून वापरते," ते मला म्हणाले होते. "माणसानं उधळून ऐकावं, हो की नाही?" नोकरी सोडली ती ह्यासाठी. त्यांना काकूंसाठी सेल नको होता, कंडेन्सर हवा होता. पंख्याला असतो तो कंडेन्सर मला माहीत होता, पंखा फिरेनासा झाला की वायरमन बदलतो तो. काका म्हणाले, "सेल म्हणजे शिदोरी. खाल्ली की संपली. कंडेन्सर म्हणजे कळशी. रिकामी झाली की पुन्हा भरा, लाख वेळा भरा, कळशीचं काय जातंय?" पण कळशीत मावतं थोडं. जास्त मावायचं तर कळशी मोठी हवी, आणि मोठी कळशी कानामागे कशी बसणार? त्यावर त्यांचा उपाय म्हणजे ते जळकं कापड. त्याच्या धाग्याधाग्याला न दिसणारी भोकं असतात, सूक्ष्मदर्शकातूनही न दिसणारी, आणि वीज त्या भोकांच्या भिंतींना चिकटून बसते. "बाहेरून बटण, आतून क्रिकेटचं मैदान," ते म्हणायचे. आज नॅनो हा शब्द कपड्याच्या साबणाच्या जाहिरातीतही ऐकू येतो. तेव्हा कोपरमध्ये तो कुणी ऐकला नव्हता. काका आपले भोकं म्हणत.

काळ्या कापडाच्या चकत्या कापायच्या, दोन चकत्यांच्या मध्ये कागद, वर अ‍ॅसिडचे थेंब, आणि रबरानं सगळं सीलबंद. पहिलं बटण मी यायच्या आधीच झालं होतं. ते चहा उकळेपर्यंत पुरायचं. काकू सांगायच्या, "चहा गाळायला घेतला की आवाज गेला." मग दुसरं, चहा पिऊन होईपर्यंतचं. ते कानामागे मावेना, तेव्हा काकूंनीच तोडगा काढला. बटणं एकावर एक रचून पिनेसारखी करा, मी अंबाड्यात खोचते, बारीक वायर कानापर्यंत आणा. काका त्या कल्पनेवर इतके खूश झाले की त्यांनी पिन करून त्याच दिवशी काकूंच्या अंबाड्यात खोचली. आणि दुपारी ती गळली. मानेवर अ‍ॅसिडचा ओघळ उतरला. बारीकसाच, पण कातडी भाजली. काकूंच्या मानेवर तो पांढरट डाग कायम राहिला. त्या पदर सरळ करायच्या तेव्हा दिसायचा, आणि काका दरवेळी नजर फिरवायचे.

त्या दिवसापासून काकांचा नेम झाला. टेस्ट पास झाल्याशिवाय काकूंच्या अंगाला काही लावायचं नाही. "लहान करणं ही हौस, टिकवणं ही जबाबदारी," हे त्यांचं वाक्य मला पाठ झालं होतं. शाळेत मुलांना खडूसुद्धा मी हे म्हणून द्यायला लागले होते.

आणि टेस्ट म्हणजे काय! पत्र्याची एक ट्रंक, आत दिवा लावून उबदार ठेवलेली, त्यात बटणं विजेला जोडलेली. उन्हात आणि माणसाच्या अंगाच्या उबेत वर्षानुवर्षं राहून जे व्हायचं, ते त्या उष्णतेत हजार तासांत होतं म्हणे. हजार तास सलग. एकही बटण गळलं नाही, फुगलं नाही, तर पास. त्यांची आणखी एक रीत होती. बटणाची ताकद मोजण्याआधी ते मीटर एकदा कशालाही न जोडता वाचत. "आधी रिकामं वाचन घ्यायचं," ते मला समजावत. "काही नसताना काटा हलला, तर तो खोटं बोलतोय. मग त्याच्या पुढच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही."

आता कोपरला सलग हजार तास वीज कुठून आणायची? आमच्याकडे शुक्रवारी दुरुस्तीसाठी वीज जायचीच, मधूनच जायची ती वेगळी. वीज गेली की ट्रंक थंड, आणि काका पाटीवरचे तास पुसून पुन्हा शून्यावर. मी पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मला राहवलं नाही. "काका, मधले तास धरा की. चार दिवस झालेत ना? पुढे मोजा."

"बाई, तुमच्या शाळेत मुलगा निम्मा पेपर सोडवून घरी गेला, आठवड्यानं येऊन उरलेला सोडवला, तर धराल?"

"आजारी असेल तर धरीन."

"म्हणूनच तुमच्या शाळेचा निकाल चांगला लागतो," काका म्हणाले.

शुक्रवार आला की गल्लीत ट्रंकेची थट्टा व्हायची. कोळीणमावशी विचारायची, "पिलं कंदी निंघायची गो?" शेवटी वायरमननंच ट्रकच्या जुन्या बॅटऱ्या आणून लावायला सांगितलं, तेव्हा कुठे तास पुढे सरकायला लागले. पण मग बटणं पास व्हायची आणि काकांना ती मोठी वाटायची. पिन अंबाड्याबाहेर डोकावते म्हणायचे. मग पुन्हा नवं कापड, नवी भट्टी, अजून लहान बटण, आणि लहान बटणाची टेस्ट पुन्हा शून्यापासून. मला एकदा संताप आला. मी म्हटलं, "डोकावू दे ना! वर गजरा माळतील. ऐकू तर येईल." काका म्हणाले, "एकदा भाजलंय मी तिला, बाई." त्यांच्यापुढे मी त्या विषयावर पुन्हा तोंड उघडलं नाही.

दर रविवारी सकाळी काकूंची टेस्ट असायची. जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला टांगलेला असे. काका तो तोंडापुढे धरत, फक्त डोळे दिसतील असा. "ओठ वाचायचे नाहीत," हा नियम. मग एकेक करून पाच शब्द म्हणायचे, मशीन चालू केलेल्या काकूंनी प्रत्येक शब्द परत म्हणायचा. पाट. विळी. सांडशी. घरातलेच शब्द. मी आले तेव्हा काकू बहुतेक सगळे बरोबर सांगत, आणि एखादा चुकला की दोघंही हसत. माझा रविवारचा पहिला चहा तिथेच व्हायचा. मी त्या दोघांकडे बघत बसायचे. माझं लग्न झालेलं नव्हतं आणि व्हायचं तर ते असं व्हावं, असं मला त्या चहाच्या वेळी वाटायचं. पुढे ते झालंच नाही, तो भाग वेगळा.

हळूहळू काकू चुकायला लागल्या. एका रविवारी दोन, पुढे चार. काका मशीन उघडून सेल काढत, मीटरला लावत. "सेल बसलाय," म्हणत. नवा सेल घालत. तरी चूक झाली की म्हणत, "हाही दुकानात मेलेलाच निघाला." सगळा दोष सेलचा. माणूस ज्यातलं जाणतो त्यातच दोष शोधतो, तसं त्यांचं झालं होतं. मशीनच्या अलीकडे सेल असतो तसा पलीकडे कान असतो, हे त्यांच्यासारख्या माणसाच्या लक्षात येत नव्हतं. की आणायचं नव्हतं, देव जाणे. "एकदा आपलं बटण पास होऊ दे," म्हणायचे, "मग बघा ही पाचापैकी पाच सांगते की नाही." भट्टी जास्तच पेटायला लागली. डोळे लाल, बोटं काळी. जेवतानासुद्धा कान ट्रंकेकडे.

मग गंमत अशी झाली की काकूंचे शब्द पुन्हा बरोबर यायला लागले. काका खूश. मीही.

शेवटच्या बटणाची टेस्ट चालू होती, नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी. अंबाड्याच्या साध्या पिनेहून जाड नाही इतकी बारीक पिन, तिच्यात ती बटणं. पाच मिनिटांत भरायची आणि सबंध दुपारच्या गप्पांना पुरायची. मलासुद्धा ती बघून काकांच्या पाया पडावंसं वाटलं. ट्रंकेजवळून ते हलायला तयार नव्हते, म्हणून काकूंना ठाण्याला कानाच्या डॉक्टरकडे मी घेऊन गेले. काकूंनीच सांगितलं होतं, जाऊन येऊ म्हणून.

डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "नस गेलीय. काहीतरी वाजतंय एवढं कळेल, पण शब्द कळणार नाहीत. मशीन आता कुठलंही लावलं तरी तेच. ह्यांना नीट समजावून सांगा."

तलावपाळीच्या कठड्यावर आम्ही बसलो. मी काकूंसमोर तोंड करून, ओठ सावकाश हलवत, सगळं सांगितलं. माझाच आवाज फुटत होता, आणि त्यांना तो फुटलेला ऐकू येत नव्हता, ह्याचंही मला रडू येत होतं.

"मला माहितीय गं," काकू म्हणाल्या. "झाले की चार-सहा महिने."

"मग रविवारी? सगळे शब्द बरोबर सांगता ते?"

"इतक्या वर्षांचा नवरा आहे तो माझा," काकू म्हणाल्या. "बुधवारी विळी बोथट झाली, की रविवारी पुठ्ठ्यामागून विळी येणार. डोळे बारीक केले की समजायचं, मला चुकवायला बघतोय, मग सांडशी." मग म्हणाल्या, "तू सांगू नकोस त्यांना. ट्रंक उघडू दे. त्यांनी दुसरं काही केलं नाही आयुष्यात."

मी सांगितलं नाही. आजही मला वाटतं, सांगितलं नाही तेच बरोबर.

टेस्ट पास झाली. गळलं नाही, फुगलं नाही. काकांनी ट्रंक उघडली तेव्हा कोळीणमावशी कुंपणावर होती, ती म्हणाली, "निंघली बाय एकदाची पिलं," आणि कौतुकानं दोन पापलेटं देऊन गेली. काकांनी पिनेच्या पट्टीवर बारीक अक्षरात तारीख घातली. रविवारची वाट बघितली. त्या सकाळी त्यांनी दाढी केली होती आणि काकूंनी इस्त्रीची साडी नेसली होती. मी चहाला हजर होतेच. काकांनी स्वतःच्या हातानं पिन अंबाड्यात खोचली. मानेवरच्या डागाजवळ त्यांचं बोट थांबलं. मग वायर कानापर्यंत आणली, मशीन चालू केलं, आणि खिळ्यावरचा पुठ्ठा काढून समोर येऊन बसले.

मी काकांच्या बाजूलाच बसले होते. त्यांनी पुठ्ठा तोंडापुढे धरला. काकूंकडे बघितलं. त्या आठवड्यात बादलीला चीर गेली होती, बुडावरची तारीख दाखवून काकांनी घर डोक्यावर घेतलं होतं.

"बादली," काकू म्हणाल्या.

काका काहीही बोलले नव्हते. मी हातभर अंतरावर होते, पुठ्ठ्यामागे त्यांचे ओठ मिटलेले मला दिसत होते. त्यांनी रिकामं वाचन घेतलं होतं.

म्हणजे त्यांना संशय आलेला होता. कधी, कशावरून, मला कधीच कळलं नाही. शुक्रवारी वीज गेली म्हणून आठवड्याभराचे तास पुसून टाकणारा माणूस होता तो. आता पाटी पुसणार, काकूंना विचारणार, आणि ह्या घरात उरलंय काय, असं माझ्या मनात आलं. काकू हसऱ्या चेहऱ्यानं त्यांच्या डोळ्यांकडे बघत होत्या.

काकांनी पुठ्ठा खाली घेतला. उठून तो खिळ्याला अडकवला. मग खिडकीच्या उजेडाकडे तोंड करून, ओठ नीट दिसतील असे, म्हणाले, "बरोबर. पास."

"एकाच शब्दात?" काकूंनी विचारलं.

"पुरे एक. रोज रोज काय टेस्ट घ्यायची माणसाची."

काकू पदर सावरत चहाकडे वळल्या. त्यांच्या अंबाड्यात ती पिन खरंच दिसत नव्हती, इतकी छान बसली होती. काका जागेवर बसले आणि सवयीनं त्यांच्या पाठीकडे बघून म्हणाले, "आलं घाल गं थोडं."

काकू कप मांडत राहिल्या. काकांनी माझ्याकडे बघितलं नाही. गुडघ्यावर हात टेकून ते पुन्हा उठले, ओट्याला वळसा घालून काकूंच्या समोर जाऊन उभे राहिले आणि तेच पुन्हा म्हणाले.

"घातलंय आधीच," काकू म्हणाल्या.